गेमची कला आणि पदव्युत्तर शिक्षण : वाचकांचे प्रश्न व उत्तरे

उच्च शिक्षणाविषयीच्या या सदराकडे अलीकडे व्हिडिओ गेमची कला आणि गेम डिझाइन या विषयांचे पदव्युत्तर शिक्षण कुठे घ्यावे, त्यासाठी काय तयारी करावी आणि तो खर्च योग्य आहे का, असे विचारणारी पत्रे सातत्याने येत आहेत. त्यांतील काही पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी कोल्हापूरला उपयोजित कलेच्या पदवीच्या शेवटच्या वर्षात शिकते. एलिमेंटरी आणि इंटरमीडिएट दोन्ही परीक्षांत मला 'अ' श्रेणी होती आणि रेखाटनावर माझा हात चांगला आहे. वर्षभर घरी ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेल बनवण्याचे सॉफ्टवेअर शिकले असून मला गेम आर्टिस्ट व्हायचे आहे. एनआयडी (राष्ट्रीय डिझाइन संस्था), आयआयटी मुंबई, एखादा एक वर्षाचा डिप्लोमा की परदेशातील पदवी, यांपैकी सर्वांत चांगला मार्ग कोणता?

उत्तर : संस्था निवडण्याआधी तुम्हाला एक गोष्ट ठरवावी लागेल आणि ती कोणतीही संस्था तुमच्या वतीने ठरवणार नाही. गेममध्ये तुम्हाला नेमके कोणते काम करायचे आहे? माहितीपत्रकांवर 'गेम आर्ट अँड डिझाइन' असे जोडनाव छापलेले असते, परंतु स्टुडिओत ही कामे वेगवेगळी माणसे करतात. खेळाडूला कोणत्या क्षणी काय करता येईल, चुकल्यास काय गमवावे लागेल, पुढचा टप्पा किती अवघड असावा, हे डिझायनर आखतो. त्याचे काम बहुतेक वेळा करड्या ठोकळ्यांच्या कच्च्या रचनेतच तपासले जाते आणि तिथे एकही सुंदर चित्र नसते. कलाकार त्या रचनेला दृश्य रूप देतो, पण कलाकार हाही एकच माणूस नसतो. पात्राचे किंवा जागेचे कल्पनाचित्र काढणारा, ते झेडब्रश या शिल्पकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये बारीक तपशिलांसह घडवणारा, त्यावरून कमी बहुभुजांचे मॉडेल बांधून त्याचे यूव्ही उलगडणारा, म्हणजे रंगवण्यासाठी त्याचा पृष्ठभाग सपाट पसरवणारा, आणि सबस्टन्स पेंटर या रंगकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याला रंग, खडबडीतपणा व धातूची चकाकी देणारा, सांगाडा बसवून त्याला चालवणारा, प्रकाशयोजना करणारा, धूर व ठिणग्या रचणारा, पडद्यावरची चिन्हे आणि बटणे आखणारा, अशी ही मोठी साखळी आहे. लहान स्टुडिओत यांतील दोन-तीन कामे एकाकडे येतात, तर मोठ्या प्रकल्पात एकच माणूस कित्येक महिने फक्त दगड, झाडे आणि भिंती तयार करत असतो.

हे लक्षात घेतले की संस्थांची निवड सोपी होते. एनआयडीचा 'डिजिटल गेम डिझाइन' हा एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) अभ्यासक्रम त्या संस्थेच्या बंगळुरू येथील आवारात चालतो, आणि त्याच्या नावातच सांगितल्याप्रमाणे त्याचा भर डिझाइनवर आहे. खेळ म्हणजे काय, तो कोणासाठी आणि कशासाठी, त्याचे नियम माणसाच्या वागण्यावर काय परिणाम घडवतात, याचा विचार तिथे शिकवला जातो. पवई येथील आयआयटी मुंबईच्या आयडीसी या १९६९ पासून चालत आलेल्या डिझाइन विभागात गेमच्या नावाचा स्वतंत्र एम.डेस. नाही, परंतु ॲनिमेशन आणि इंटरॲक्शन डिझाइन हे तिथले दोन अभ्यासक्रम गेमच्या क्षेत्राकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडतात. तिथे प्रवेशासाठी जानेवारीत होणारी 'सीड' (CEED) परीक्षा द्यावी लागते. तिचा 'अ' भाग संगणकावर असतो आणि 'ब' भागात कागदावर हाताने रेखाटन करावे लागते; अंतिम गुणांत 'ब' भागाला जास्त महत्त्व असते, त्यामुळे तुमच्यासारख्या कलामहाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थिनीने या परीक्षेला घाबरण्याचे कारण नाही. पदवीऐवजी जी. डी. आर्टची पदविका घेतलेल्यांनाही एक वर्षाच्या व्यावसायिक अनुभवानंतर ही परीक्षा देता येते, हे आपल्याकडे पुष्कळांना माहीत नसते. एनआयडीची प्रवेशपरीक्षा स्वतंत्र असून ती दोन टप्प्यांत होते.

या दोन्ही संस्था उत्तम आहेत, पण त्या तुम्हाला प्रॉप आर्टिस्ट (वस्तू घडवणारा) किंवा कॅरेक्टर आर्टिस्ट (पात्रे घडवणारा) बनवण्यासाठी उभारलेल्या नाहीत, हे मी स्पष्टपणे सांगू इच्छितो. तिथे हाताच्या कौशल्यापेक्षा विचारपद्धती घडवली जाते आणि पदवीनंतर अनेक जण गेमऐवजी इंटरॲक्शन किंवा सेवा-डिझाइनच्या नोकऱ्या स्वीकारतात. तुमची ओढ जर वस्तू आणि जागा घडवण्याकडे असेल, तर आधी वर्षभरात पोर्टफोलिओ पूर्ण करावा, पुण्या-मुंबईतील किंवा बंगळुरूतील स्टुडिओत दोन-तीन वर्षे काम करावे आणि मग पदव्युत्तर शिक्षणाचा निर्णय घ्यावा, असे माझे मत आहे. पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्टचा स्टुडिओ आहे, 'राजी' हा गेम करणारे नॉडिंग हेड्स आणि 'इंडस' करणारे सुपरगेमिंग हे दोन्ही स्टुडिओ पुण्याचेच आहेत, आणि परदेशी गेमसाठी कलाकाम करून देणाऱ्या कंपन्यांची तर भारतात पंचवीसेक वर्षांची परंपरा आहे. कामाचा अनुभव असलेला विद्यार्थी पदव्युत्तर वर्गात गेल्यावर काय विचारायचे हे जाणून जातो. अनुभव नसलेल्याचा पहिला सहामाही काळ सॉफ्टवेअर शिकण्यातच संपतो, आणि त्यासाठी एवढे शुल्क भरण्याची गरज नाही.

पोर्टफोलिओविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रवेश असो वा नोकरी, निर्णय त्यावरच होतो. आठ-दहा अर्धवट मॉडेल्सपेक्षा गेम इंजिनमध्ये, म्हणजे गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पूर्ण उतरलेली तीन कामे दाखवावीत. विषयासाठी काल्पनिक किल्ले किंवा परग्रह शोधण्याची आवश्यकता नाही. तुमच्याच गावातील एखादी तालीम घ्या. हौद्यातील तांबडी माती, तिच्यात तेल, ताक आणि हळद कालवल्यामुळे आलेला ओलसर गडदपणा, हातांच्या घामाने काळवंडलेले मल्लखांबाचे लाकूड, भिंतीला टेकवलेल्या गदा, मारुतीच्या कोनाड्यावर साचलेली काजळी आणि कौलांच्या फटीतून उतरणारे ऊन, यांतील प्रत्येक गोष्ट मटेरियल आणि प्रकाशयोजनेची खरी परीक्षा आहे. तिथे प्रत्यक्ष बसून रेखाटने करा, परवानगी घेऊन छायाचित्रे काढा, मोजमापे घ्या, मग ठोकळ्यांची कच्ची रचना करून तीत फिरून पाहा आणि प्रमाण पटल्यावरच तपशिलांना हात घाला. काम अनरियल किंवा युनिटी या इंजिनमध्ये चालते असे दाखवा. गेम सेकंदाला ६० चौकटी दाखवणार असेल, तर प्रत्येक चौकट उभी करण्यास संगणकाला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि या मर्यादेत तुमची तालीम बसते का, हे चित्रपटाच्या ॲनिमेशनमध्ये न येणारे बंधन तुम्हाला कळते, हेच परीक्षकाला पाहायचे असते. म्हणून अंतिम चित्रासोबत मॉडेलची जाळी, यूव्हीची मांडणी, टेक्स्चरचे (मॉडेलच्या पृष्ठभागावर चढवलेल्या चित्रांचे) आकार आणि तुमची हाताने काढलेली सुरुवातीची रेखाटनेही ठेवा. रेखाटने वगळण्याची चूक कलामहाविद्यालयातील मुलेच सर्वाधिक करतात, जणू ती जुन्या शिक्षणाची खूण आहे. प्रत्यक्षात तीच तुमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

एक वर्षाच्या खासगी डिप्लोमाविषयी इतकेच सांगतो की, तिथे शिकवणाऱ्यांची स्वतःची प्रकाशित कामे आणि मागील तुकडीतील सर्व विद्यार्थ्यांची कामे पाहायला मागा. जाहिरातीतली निवडक चारच दाखवली जात असतील, तर प्रवेश घेऊ नका. मुंबईत २०२५ मध्ये पेडर रोडवरील एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या) आवारात सुरू झालेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीकडेही लक्ष ठेवावे. ही संस्था ॲनिमेशन, दृश्यपरिणाम आणि गेमिंग यांच्यासाठीच स्थापन झाली आहे. मात्र ती नवी असल्यामुळे तुम्ही निवडत असलेला अभ्यासक्रम पदवी देणारा आहे की प्रमाणपत्र, हे लेखी विचारून घ्यावे.

प्रश्न : माझी मुलगी ॲनिमेशनची पदवीधर असून तिला अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये गेम डिझाइनचे एम.ए. करायचे आहे. गेल्या वर्षी सरकारने ऑनलाइन गेमिंगवर बंदी घातली, असे वाचले. तसे असेल तर या क्षेत्रात भवितव्य आहे का? शैक्षणिक कर्जासाठी नाशिकमधील राहते घर तारण ठेवावे लागेल. (एक पालक)

उत्तर : तुमची पहिली शंका आधी दूर करतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे. ई-स्पोर्ट्स आणि पैशांची पैज नसलेले खेळ यांना तोच कायदा वेगळे मानतो आणि त्यांच्या प्रोत्साहनाची तरतूद करतो. तुमची मुलगी जे शिकू इच्छिते ते दुसऱ्या प्रकारात येते. तरीही या कायद्याचा तिच्या क्षेत्राशी काहीच संबंध नाही असे म्हणता येणार नाही, कारण पैशांच्या खेळांच्या कंपन्यांत चित्रकार, ॲनिमेटर आणि इंटरफेस डिझायनर मोठ्या संख्येने काम करत होते, आणि ती दारे आता बंद झाली आहेत.

जागतिक परिस्थितीही तिला मोकळेपणाने सांगायला हवी. २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत अमेरिका आणि युरोपातील गेम स्टुडिओंनी हजारो माणसे कमी केली, आणि त्यामुळे आज नव्या पदवीधराला पहिल्या नोकरीसाठी अनुभवी माणसांशी स्पर्धा करावी लागते. परदेशी विद्यार्थ्याच्या बाबतीत व्हिसाची मुदत हीदेखील एक अडचण ठरते. अमेरिकेत पदवीनंतर साधारणपणे १२ महिने काम करता येते आणि अभ्यासक्रम 'स्टेम' (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) म्हणून नोंदलेला असल्यास आणखी २४ महिन्यांची वाढ मिळते. परंतु एकाच विषयाचे दोन विद्यापीठांतील अभ्यासक्रम वेगवेगळ्या वर्गात नोंदलेले असू शकतात, म्हणून त्या अभ्यासक्रमाचा अधिकृत वर्गीकरण क्रमांक विद्यापीठाकडून पत्राने मागवून घ्यावा. इंग्लंडमध्ये एम.ए. बहुतेक ठिकाणी एका वर्षात होते, त्यामुळे एकूण खर्च कमी पडतो, पण त्या एका वर्षात शिकणे आणि नोकरी शोधणे एकाच वेळी करावे लागते. शिवाय तिथे पदवीनंतर काम करण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी १८ महिन्यांवर आणण्याचे त्या सरकारने जाहीर केले आहे, हेही हिशेबात धरावे.

चांगल्या अभ्यासक्रमांत एकमेकांहून बराच फरक आहे. पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या एंटरटेनमेंट टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये दोन वर्षे जवळजवळ सर्व शिक्षण प्रकल्पांतून होते. पहिल्या सत्रातच निरनिराळ्या पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांचे गट करून त्यांच्याकडून थोड्या थोड्या दिवसांत एकेक आभासी जग बांधून घेतले जाते आणि दर वेळी गट बदलतात. ऑर्लंडो येथील सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाची 'फिया' ही संस्था सोळा महिन्यांत कला, प्रोग्रॅमिंग आणि निर्मिती व्यवस्थापन यांचे विद्यार्थी एकत्र आणून स्टुडिओच्या धर्तीवर गेम करून घेते. कलाकाराला तिथे कलेचाच स्वतंत्र मार्ग आहे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या गेम सेंटरमधील एम.एफ.ए. (ललित कलेची पदव्युत्तर पदवी) मात्र खेळाच्या रचनेचा आणि तिच्या चिकित्सेचा अभ्यास आहे. स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या ॲबर्टे विद्यापीठाने १९९७ मध्ये संगणकीय गेमची पदवी सुरू केली आणि ती जगातील पहिली मानली जाते. 'ग्रँड थेफ्ट ऑटो' हा गेमही त्याच वर्षी त्याच गावातील स्टुडिओतून बाहेर पडला होता. तुमच्या मुलीने या चार ठिकाणच्या विद्यार्थ्यांचे गेम डाउनलोड करून खेळावेत. ते बहुतेक विनामूल्य उपलब्ध असतात आणि माहितीपत्रकापेक्षा अधिक खरे बोलतात.

शिष्यवृत्तीची एक अडचण पालकांना उशिरा कळते. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांमध्ये विद्यापीठ जागतिक क्रमवारीत ठरावीक क्रमांकाच्या आत असावे लागते, आणि गेमच्या शिक्षणासाठी नावाजलेल्या कित्येक लहान संस्था त्या क्रमवारीत पुष्कळ खाली आहेत किंवा मुळीच नाहीत. म्हणून पात्रता असल्यास आधी योजनेची यादी पाहावी आणि मग अभ्यासक्रम निवडावा. मुंबईचा जे. एन. टाटा एंडाउमेंट हा १८९२ पासूनचा न्यास परदेशी शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्ती देतो, तिथेही अर्ज करावा. जर्मनीतील सरकारी विद्यापीठांचा विचारही अवश्य करावा. तिथे अनेक अभ्यासक्रमांना शिक्षणशुल्क नसते किंवा अल्प असते, कोलोनच्या गेम लॅबसारखी गेमसाठीच वाहिलेली केंद्रे आहेत, आणि खर्च मुख्यतः राहण्या-खाण्याचा असतो. त्यासाठी एका वर्षाची रक्कम, जी २०२४ पासून ११,९०४ युरो आहे, बंदिस्त खात्यात (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात) आधी दाखवावी लागते, आणि भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे. ते मिळण्यास वेळ लागतो, त्यामुळे अर्ज लवकर करावा.

घराविषयी विचारलेत म्हणून स्पष्ट लिहितो. कर्जाचा मासिक हप्ता भारतातील नवख्या गेम आर्टिस्टच्या पगारातून फेडता येईल का, हा हिशेब आधी मांडा. परदेशातील पगार गृहीत धरून केलेला हिशेब आजच्या परिस्थितीत धरू नये. तो पगार मिळाला तर आनंदच आहे, पण न मिळाल्यास तुमचे राहते घर संकटात येता कामा नये. भारतातील पगारातून हप्ता निघत नसेल, तर राहते घर तारण ठेवून अमेरिकेला पाठवू नये, असा माझा सल्ला आहे. यात मुलीच्या गुणवत्तेवर अविश्वास नाही. तिने जर्मनीचा किंवा भारतातील एम.डेस.चा मार्ग धरला, किंवा दोन वर्षे काम करून स्वतःची काही बचत घेऊन गेली, तर तिच्या कलेचे काहीही नुकसान होणार नाही.

प्रश्न : मी संगणक अभियंता असून पुण्यात तीन वर्षे आयटी कंपनीत आहे. चित्रकलेची आवड आहे, पण हात तितकासा तयार नाही. गेम आर्टच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात मला स्थान आहे का?

उत्तर : आहे, आणि ते बऱ्यापैकी भक्कम आहे. कलाकार आणि प्रोग्रॅमर यांच्यामध्ये उभा राहणारा टेक्निकल आर्टिस्ट प्रत्येक स्टुडिओला हवा असतो आणि तो सहज मिळत नाही. पाण्याचा पृष्ठभाग किंवा जळता कागद दाखवणारे शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल हे ठरवणारे छोटे प्रोग्रॅम) लिहिणे, कलाकारांचे कंटाळवाणे काम वाचवणारी साधने पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत तयार करणे आणि दृश्य मंदावले की कारण शोधून काढणे, हे त्याचे काम. एक उदाहरण देतो. २०४८ गुणिले २०४८ आकाराचे चार वाहिन्यांचे (लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता) टेक्स्चर दाबून लहान न करता स्मृतीत ठेवले तर १६ मेगाबाइट जागा घेते. संगणक आणि कन्सोलवर वापरल्या जाणाऱ्या बीसी-७ पद्धतीने ते ४ मेगाबाइटमध्ये बसते. अशी शेकडो टेक्स्चर असलेल्या दृश्यात कोणते मोठे ठेवायचे, कोणते लहान करायचे, कोणती तीन करडी चित्रे एकाच टेक्स्चरच्या तीन वाहिन्यांत भरायची, हे ठरवणाऱ्याला गणित कळावे लागते आणि चित्र कुठे बिघडले हेही दिसावे लागते.

तुमच्यातील उणीव या दुसऱ्या भागात आहे. म्हणून अभ्यासक्रम निवडताना प्रोग्रॅमिंग शिकवणारा निवडू नका, ते तुम्हाला येते; कलेच्या विद्यार्थ्यांसोबत दीर्घकाळ काम करायला लावणारा निवडा. त्याआधी वर्षभर रोज रेखाटन करा, छायाचित्रणातील प्रकाशाचा अभ्यास करा आणि दर वर्षी जानेवारीच्या सुमारास होणाऱ्या ग्लोबल गेम जॅममध्ये भाग घ्या. तिथे अनोळखी कलाकारांसोबत थोड्या वेळात छोटा गेम पूर्ण करावा लागतो, आणि हे काम आपल्याला मानवते का, हे तिथे निश्चित कळते.

प्रश्न : मी मूळची सावंतवाडीची असून सध्या डिझाइनच्या पदव्युत्तर पदवीच्या दुसऱ्या वर्षात आहे. प्रबंध-प्रकल्पासाठी मला सावंतवाडीच्या गंजिफांवर (हाताने रंगवलेल्या पारंपरिक पत्त्यांवर) गेम करायचा आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात की हा केवळ 'स्थानिक रंगाचा मुलामा' ठरेल. त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांची भीती निराधार नाही, पण गंजिफाच्या बाबतीत ती खरी ठरण्याचे कारणही नाही. एखाद्या परिचित धावण्या-उड्या मारण्याच्या गेमला वारली चित्रांची पार्श्वभूमी दिली, तर वारली चित्रकाराला त्यातून काही मिळत नाही आणि खेळाडूलाही काही नवे कळत नाही. असे प्रकल्प दर वर्षी होतात. गंजिफा मात्र मुळातच खेळ आहे. तिच्यात चित्र आणि नियम एकत्र जन्मलेले आहेत. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्श्यापर्यंतची पाने, अशी एकूण १२० पाने असतात. निम्म्या संचांत मोठी संख्या वरचढ असते आणि उरलेल्या निम्म्यांत लहान संख्या. डाव दिवसा खेळला जात असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याने. हुकूम नसल्यामुळे कोणती पाने होऊन गेली हे लक्षात ठेवणाऱ्याचीच सरशी होते. उलटसुलट क्रम, दिवस-रात्रीने बदलणारा आरंभ आणि स्मरणाला मिळणारे महत्त्व, एवढी सामग्री आज कोणत्याही डिझायनरला हेवा वाटावी अशी आहे.

तेव्हा प्रकल्पाचा प्रश्न 'गंजिफाची चित्रे पडद्यावर कशी आणावीत' असा मांडू नका. ज्याने गंजिफा कधी पाहिलीही नाही अशा खेळाडूला उलट क्रमाचे हे संच केवळ चित्र पाहून, सूचना न वाचता ओळखता येतील का, असा मांडा. म्हणजे पानाची किनार, पार्श्वभूमीचा रंग, चिन्हांची मांडणी हे तुमचे कलेचे निर्णय खेळण्याच्या गरजेतून येतील आणि त्यांची परीक्षा प्रत्यक्ष खेळून घेता येईल. खेळाचे नियम, त्यांतून घडणारे वर्तन आणि खेळाडूला येणारा अनुभव यांना जोडणारी 'एमडीए' ही २००४ मधील मांडणी तुम्ही वर्गात शिकला असालच. मार्गदर्शकांना पटवण्यासाठी तिचा इथे चांगला उपयोग होईल.

दोन गेम शेजारी ठेवून पाहा. पुण्यात तयार होऊन २०२० मध्ये प्रकाशित झालेल्या 'राजी'मध्ये राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची भित्तिचित्रे आणि छायाबाहुल्यांच्या धाटणीचे कथाप्रसंग आहेत. भारतीय गेम-कलेच्या दृष्टीने ते काम मोलाचे आहे आणि तुम्ही त्याचा बारकाईने अभ्यास करावा, पण लढण्याचे नियम जगभर परिचित असलेल्या ॲक्शन गेमचेच आहेत. टोरांटो येथील व्हिसाई गेम्सने २०२३ मध्ये केलेल्या 'वेंबा'त कॅनडात स्थायिक झालेली तमिळ आई आपल्या आईच्या फाटक्या पाककृतींच्या वहीवरून स्वयंपाक करते आणि पुसलेल्या पायऱ्या खेळाडूला ओळखाव्या लागतात. परदेशी वाढणाऱ्या मुलापासून दुरावत चाललेला वारसा तिथे नियमातूनच अनुभवाला येतो. त्या गेमला २०२४ मध्ये पदार्पणासाठीचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला. तुमचा प्रकल्प या दुसऱ्या वाटेने जाऊ शकतो. परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडला गेलेला मोक्षपट, म्हणजे सापशिडीचे जुने रूप, हाही याच दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे, कारण तिथे सोंगट्यांच्या चढ-उतारातूनच पाप-पुण्याचा विचार सांगितलेला आहे.

एक बाब विशेष आग्रहाने सांगतो. सावंतवाडीची ही कला मोडकळीला आली असताना १९७० च्या दशकात तेथील राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात तिला आसरा दिला, म्हणून ती आज हाताने रंगवली जाते. तुम्ही तेथील कारागिरांची पाने स्कॅन करून वापरणार असाल, तर लेखी परवानगी घ्या, प्रकल्पाच्या खर्चात त्यांच्या मानधनाची तरतूद करा आणि गेमच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे चित्रकार म्हणून घाला. 'संदर्भ' म्हणून शेवटी टाकू नका. काही संस्था विद्यार्थ्यांच्या प्रकल्पावर स्वतःचा हक्क सांगतात. तसा नियम तुमच्या संस्थेत असेल, तर कारागिरांशी बोलण्यापूर्वीच तो वाचा, कारण जे हक्क तुमच्याकडे नाहीत त्यांचे आश्वासन तुम्ही त्यांना देऊ शकणार नाही. आणि खेळाची चाचणी केवळ वर्गमित्रांवर घेऊ नका. सावंतवाडीत गंजिफा खेळलेली एखादी वृद्ध व्यक्ती भेटली, तर तिच्यासमोर तुमचा कच्चा नमुना ठेवा आणि ती कुठे थांबते ते लिहून घ्या.

प्रश्न : एआय क्षणात चित्रे काढत असताना गेमची कला शिकण्यात दोन वर्षे घालवावीत का? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : कल्पनाचित्रांचे झटपट पर्याय काढून देण्याचे जे काम पूर्वी नवख्यांकडे येत असे, त्याला धक्का बसला आहे, हे मान्य करावे लागेल. परंतु एका चित्रावर गेम उभा राहत नाही. त्या पात्राची पाठ, त्याच्या बोटांची हालचाल, त्याच्याशी मेळ खाणारी शंभर इतर वस्तूंची शैली आणि हे सर्व सुरळीत चालणे, यांची जबाबदारी कोणीतरी समजून-उमजून घ्यावी लागते. शिवाय स्टीम या विक्रीमंचाने जानेवारी २०२४ पासून गेममध्ये एआयने तयार केलेली सामग्री असल्यास ती जाहीर करण्याचे बंधन घातले आहे, आणि अनेक स्टुडिओ हक्कांच्या प्रश्नामुळे अशा सामग्रीबाबत सावध आहेत. पोर्टफोलिओत एआयचा वापर केला असेल तर तो कुठे केला हे लिहा. लपवलेला वापर उघड झाला की बाकीच्या प्रामाणिक कामावरचाही विश्वास जातो. शिकण्याच्या पहिल्या वर्षात मात्र तो टाळावा, असे मला मनापासून वाटते. शरीररचना, प्रमाण आणि प्रकाश यांतील चूक ओळखण्याची नजर स्वतः चुकत काढलेल्या चित्रांतूनच तयार होते, आणि ती नजर नसेल तर यंत्राने काढलेल्या चित्रातील चूकही दिसणार नाही.

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील शाळेत कलाशिक्षक असून वय ३६ आहे. पदव्युत्तर अभ्यासाला वय आड येईल का, आणि सरावासाठी किती महागडा संगणक लागेल?

उत्तर : सीड परीक्षेला वयाची अट नाही आणि ती कितीही वेळा देता येते, इतर संस्थांची अट मात्र त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावी. संगणकात १६ जीबी रॅम आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असल्यास सुरुवात करता येते, शक्य असल्यास ३२ जीबी घ्यावी. ब्लेंडर, क्रिटा (चित्रे काढण्यासाठी) आणि गोडो (गेम इंजिन) ही तिन्ही साधने पूर्णपणे विनामूल्य आहेत आणि अनरियल इंजिनही शिकण्यासाठी पैसे मागत नाही, त्यामुळे सॉफ्टवेअरवर खर्च करण्याची घाई करू नये. तुमचे रेखाटन रोजच्या शिकवण्यामुळे चालू आहे, हा मोठा लाभ आहे. सीडचे अर्ज साधारणपणे ऑक्टोबरच्या सुमारास निघतात. तोपर्यंत मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि 'ब' भाग घड्याळ लावून, कागदावर, पूर्ण दोन तास बसून सोडवण्याचा सराव सुरू करा.